आभाळी अंड्याच्या तलंगा

माय, सकाळपासून चारदा उठले आणि चारदा बसले. चुलीवरची डाळ करपली, सुनेनं भांडं आदळलं. काल आमच्या कोंबडीखाली पिल्लं निघाली तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुला लिहून उपयोग काय? तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि जाऊनही आता चाळीस वर्षं होतील. पण हे सांगायचं होतं ते तुलाच, दुसऱ्या कोणाला सांगून माझं काय भलं होणार!

तू साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होतीस. मडमबाई आपल्या देशाला परत निघाल्या तेव्हा त्यांनी तुला एक कोंबडी आणि एक पट्ट्यापट्ट्याचा कोंबडा दिला. कोंबडीनं आपल्या अंगणात आभाळाच्या रंगाचं अंडं घातलं आणि गाव गोळा झालं. "इखाचं दिसते वं," शेजारीण म्हणाली. तू तिथंच ते उकडून खाल्लंस आणि म्हणालीस, "मेली का मी?" अशी तू. मग तीन वर्षं तुला एकच ध्यास. अंगाचा रंग सायीसारखा, त्यावर राखाडी रेघा, तुऱ्यामागं पिसांचा झुबका आणि अंडं आभाळी, अशा कोंबड्या तुला हव्या होत्या. पिल्लं कधी तांबडी निघायची, कधी काळी. बाप चिडवायचा, "कोंबड्याईच्या सोयरिकी जुळवून राह्यली काय?" तू म्हणायचीस, "हे माह्यावाली जात हाय. पाहाल तुमी."

या जातीची खूण मडमबाईंनी तुला शिकवली होती. पिल्लू निघालं त्याच दिवशी डोकं पाहायचं. डोक्यावर पांढरा ठिपका असला की कोंबडा, नसला की तलंग, म्हणजे पुढं अंडी देणारी. गावठी पिल्लांचं दोन महिने कळत नाही. आपल्याकडे दाणा बेताचा, म्हणून कोंबडे त्याच दिवशी मेडशीच्या मावशीला द्यायचे, तिच्या खुडूक कोंबडीखाली ते खपून जायचे आणि मोठे झाले की देवीच्या नवसाला कामी यायचे. तलंगा तेवढ्या ठेवायच्या.

आणि मग ती नऊ पिल्लं. माय, अजून डोळ्यांपुढं आहेत. पहिल्यांदाच सगळ्यांचा रंग तुझ्या मनासारखा. तू डालं उचलून दाखवलंस तेव्हा ती अजून ओलसर होती, डोकी सकाळी पाहू म्हणालीस. शेजारीण वाकून म्हणाली, "अवो बाई, सोन्याचे पिल्लं देले वं तुले देवीनं!" तू हसलीस, पण मला नजरेची धास्ती पडली. तिनं अशीच आपल्या गोऱ्ह्याची तारीफ केली होती आणि तो आठ दिवसांत गेला होता. मी नऊ वर्षांची. लेकराला नजर लागू नये म्हणून तू काय करायचीस ते मला माहीत होतं. संध्याकाळी तू पाण्याला गेलीस तशी मी कोनाड्यातली देवीच्या अंगाऱ्याची पुडी काढली, बोट तेलात बुडवलं आणि नऊही डोक्यांवर त्या पांढऱ्या अंगाऱ्याचा ठिपका लावला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दारात मावशीची बंडी जुंपलेली, बैल पाय आपटताहेत. तू चुलीच्या उजेडात एकेक पिल्लू उचलतेस. "हा कोंबडा. हाही कोंबडा." पाचव्या पिल्लाला मला उमगलं. हातातला पाण्याचा गडवा तसाच धरून उभी राहिले. नवव्याला तू खाली बसलीस. "सारेच कोंबडे निघाले वं, पोरी." मग डालं उचलून मावशीच्या हातात दिलंस. मी तेव्हाही बोलले नाही. मार खाल्ला असता, एवढंच झालं असतं ना!

पावसाळ्यात तुझी ती कोंबडी रोगानं मान टाकून मेली. पुढं शेलूबाजारात मावशी भेटली आणि हसत हसत पदराची गाठ सोडली. आत आभाळी अंडं. "तुह्या कोंबड्यानं अंडं देलं वं बाई!" चार तलंगा होत्या म्हणे त्यात. तीन नवसाच्या वेळी कापल्या, चौथी परवाच रोगानं गेली, हे तिचं शेवटचं अंडं. तू हसली नाहीस. अंडं तळहातावर धरून म्हणालीस, "माहे डोये गेले."

गेले नव्हते गं! कोसावरची घार तुला दिसायची. पण त्या दिवसापासून तू डाळ निवडायला मला बसवायला लागलीस, सुई मला ओवायला द्यायचीस. गोधडीचा टाका घातला तरी विचारायचीस, "बराबर हाय का वं?" बंगल्यात नवे लोक आले, बोलावणं आलं, तर तू सांगून पाठवलंस, "मले आता दिसत नाही." शेवटच्या दुखण्यातही माझ्या तोंडाशी आलं होतं. तू माझा चेहरा चाचपून विचारलंस, "तूच हाय ना?" मी नुसतं "हो माय" म्हटलं. स्वतःचा इतका राग येतो की हात चावून घ्यावा वाटतं.

हा कागद कोणाला दाखवणार नाही. काल निघालेली पिल्लं गावठी आहेत, त्यांच्या डोक्यावर पाहण्यासारखं काही नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी प्रत्येक वेळी पिल्लं निघाली की मी पदराचं टोक ओलं करते, एकेकाचं डोकं पुसते आणि मगच बघते.