खरखरीत माणूस

बॉथेल, वॉशिंग्टन
नोव्हेंबर १९८५

तीर्थरूप अप्पांच्या सेवेशी,

गिरीशचा साष्टांग नमस्कार. नागपुरात एव्हाना थंडी सुरू झाली असेल, तेव्हा आपला डावा गुडघा कसा आहे ते कळवावं. (उजव्याची चौकशी माई स्वतः करणार आहेत, ती मी करू नये असं बजावलंय.) आम्ही तिघं, म्हणजे मी, उत्तरा आणि माई, टेक्सास सोडून इकडे सुखरूप पोचलो. ‘सुखरूप’ हा शब्द लिहून मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो, कारण त्या एका शब्दाखाली मी बरंच काही झाकतोय असं उत्तराचं म्हणणं पडलं. नव्या नोकरीवर सोमवारी रुजू व्हायचंय आणि तोवर मला एका जागी बसवत नाही. या घरातले सगळे नळ मी खोलून पुन्हा बसवले. त्यातला एक आता बंद होत नाही.

माई सप्टेंबरात टेक्सासात, लेकीकडे अर्विंगला आल्या तेव्हा हा बेत नव्हता, हे आपण जाणताच. पुढे आमच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी कमी झालो, आणि इथल्या विमानाच्या कारखान्यात जागा मिळाली. सामान विकून विमानाने जावं असं शहाण्या माणसाला सुचलं असतं. मी भाड्याचा ट्रक घेतला. (फ्रिज कशासाठी ओढून नेताय, असं आपण पत्रात विचारलं होतं.) निघताना रवी नावाच्या मित्राने त्याचा सी.बी. आणून दिला. सी.बी. म्हणजे इकडचे ट्रकवाले आपसांत बोलतात तो बिनतारी रेडिओ. पुढे बर्फ आहे का, रस्ता बंद आहे का, सगळं त्यावर कळतं. डोंगरातून बायकामाणसं घेऊन जाणार आणि हा नको म्हणतोस, म्हणून रवी माझ्यावर रागावलासुद्धा.

तर टेक्सासात तो छान बोलत होता. कोलोरॅडोत थंडी लागली आणि त्याला खरखर सुरू झाली. साधीसुधी नाही, अप्पा. कढईत सतत पापड तळावेत तशी. मी इलेक्ट्रिकलचा इंजिनियर, ट्रकमध्ये एका बाजूला बायको आणि मधे सासूबाई, आणि समोर एक यंत्र माझ्या तोंडावर खरखरतंय. मी गाडी बाजूला घेऊन किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं तशी खरखरही बंद झाली. किल्ली पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू. म्हणजे दोष इंजिनाकडून येतोय हे सिद्ध झालं, असं मी दोघींना समजावून सांगितलं. माई भूगोलाच्या शिक्षिका असल्यामुळे त्यांनी सिद्धतेत लक्ष घातलं नाही.

मग जो सपाटा लावला तो विचारू नका. आधी रेडिओची तार सिगरेट पेटवायच्या भोकातून काढून थेट बॅटरीला जोडली. खरखर तशीच. एरियलच्या बुडाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला (ट्रक भाड्याचा आहे हे उत्तराने तेव्हाच सांगितलं होतं, नंतर नव्हे). खरखर तशीच. डेन्व्हरच्या एका दुकानातून ऑल्टरनेटरवर बसवायचं फिल्टर आणलं, पुढच्या गावात स्पार्क प्लग बदलले. दर थांब्याला मी बॉनेटखाली, उत्तरा आणि माई कॉफीच्या दुकानात. इंजिन रेस केलं तरी आवाज चढत नव्हता की उतरत नव्हता. तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण माझं डोकं पुढचा स्क्रू शोधत होतं. खरं सांगायचं तर नोकरी गेल्यापासून माझ्या हातात दुरुस्त होण्यासारखी ती एकच गोष्ट उरली होती.

त्या रेडिओवर आवाज बारीक न करता नुसती खरखर दाबणारं एक बटण असतं. शेवटी हरून मी ते पूर्ण फिरवलं. सगळं चिडीचूप. मला बरं वाटलं. माईंनी काही वेळाने ते परत मागे फिरवलं. मी पुन्हा दाबलं, त्यांनी पुन्हा उघडलं. खरखरीसकट लांबचे आवाजही दाबले जातात, हे त्यांनी रेडिओचं माहितीपुस्तक वाचून शोधून काढलं होतं. (मी ते वाचलं नव्हतं. इंजिनियर वाचत नाहीत.)

वायोमिंगमध्ये दुपारी बर्फ सुरू झालं. वाइपर थकत चालले होते, पुढची गाडी दिसत नव्हती. उत्तराला गाडी लागली होती, हीटरच्या गरम हवेने तिला मळमळत होतं. माईंनी मला न विचारता हीटरचा पंखा बंद केला.

आणि खरखर थांबली, अप्पा. इंजिन चालू, पंखा बंद, आणि रेडिओ जवळजवळ शांत. सगळा दोष त्या पंख्याच्या मोटारीचा. किल्ली फिरवली की इंजिनाबरोबर पंखाही थांबत होता, आणि मी आळ इंजिनावर घेत बसलो होतो. मी हे मोठ्याने बोलून दाखवत होतो, तेवढ्यात माईंनी हात वर केला.

“गप्प बस. त्या खरखरीत माणूस आहे.”

मी म्हटलं, माई, ते उरलंसुरलं असेल. त्या म्हणाल्या, गाडी बाजूला घे. घेतली. आणि मग मलाही ऐकू आलं. एक म्हातारा होता. त्याचा पिकअप रस्त्यावरून घसरून खाली ओघळीत आडवा झाला होता, बायकोचा पाय अडकला होता, आणि त्याचं एरियल मोडल्यामुळे आवाज जेमतेम आमच्यापर्यंत पोचत होता. मी माइक ओढला आणि इकडच्या ट्रकवाल्यांना सगळी हकिगत एका दमात सांगितली. कोणी काही बोलेना. कसं बोलणार? बोलायचं बटण मी दाबूनच धरलं होतं.

“सोड ते,” माई म्हणाल्या. “दुसऱ्यालाही बोलू दे.”

माइक त्यांनी घेतला तो घेतलाच. सातवीच्या वर्गाला नकाशा भरायला सांगावा तशा त्या सावकाश, एकेक शब्द सुटा बोलल्या. रस्त्याकडेच्या मैलाच्या पाटीवरचा आकडा मला उतरून वाचायला लावला. म्हाताऱ्याला विचारलं, शेवटची पाटी कोणती पाहिलीस? त्याने सांगितलं ते ट्रकवाल्यांना, ट्रकवाल्यांनी पोलिसांना. आम्ही हललो असतो तर त्याचा आवाज तुटला असता आणि पंखा लावला असता तर बुडाला असता. म्हणून तिथेच, गारठ्यात बसून राहिलो. मी मागून सगळ्या गोधड्या काढल्या, दोघींना गुंडाळलं, पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. माई त्याला बोलतं ठेवत होत्या. बायकोला झोपू देऊ नकोस. ती काय रांधते? लग्न कुठे झालं? मधे बराच वेळ त्याच्याकडून काहीच आलं नाही. माईंचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो थरथरत होता, पण आवाजात ते उमटलं नाही.

मग बर्फ काढणारी गाडी आमच्या बाजूने पुढे गेली, पाठोपाठ पोलीस. शेवटी म्हातारा स्वतःच रेडिओवर आला. बायकोचा पाय मोडलाय, पण ती शुद्धीवर आहे आणि शिव्या देतेय, म्हणाला. त्या बाई कुठल्या, असं त्याने विचारलं. माईंनी सांगितलं, नागपूर. तो म्हणाला, ते कुठल्या काउंटीत येतं? (काउंटी म्हणजे इकडचा जिल्हा.) माई हसल्या आणि मग बराच वेळ रडल्या. उत्तराही रडली. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. आत काही बघायचं नव्हतं.

प्रकृतीस जपावं. थोरामोठ्यांना माझा नमस्कार सांगावा.

आपला,
गिरीश

ता. क. ट्रक परत केला. खरवडलेल्या रंगाबद्दल तिथल्या माणसाने माझ्याकडे फार वाईट नजरेने पाहिलं.

दुसरा ता. क. उत्तराला गाडी लागली नव्हती. एप्रिलअखेरची तारीख दिली आहे डॉक्टरांनी. मला वायोमिंग ओलांडल्यावर कळलं, माईंना अर्विंगलाच माहीत होतं. हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. माईंना डिसेंबरात परत पाठवा असं आपण तीनदा कळवलंय, तरी बाळ होईपर्यंत त्यांना राहू द्यावं, ही हात जोडून विनंती. आपणही यावं.

तिसरा ता. क. (हा माझ्या अक्षरात.) पत्र टेबलावर उघडं होतं, वाचलं. माझा हात थरथरत नव्हता, थंडी होती. गिरीश तुमची परवानगी मागतोय, ती खुशाल द्या, म्हणजे तुम्हा दोघांना बरं वाटेल. परतीचं तिकीट मी अर्विंगहून निघण्याआधीच बदलून पुढच्या जूनचं करून घेतलंय. तुम्ही मार्चमध्ये निघा. येताना डिंक आणि अळीव आणा, आणि नळाचे वॉशर.
— सुमित्रा