वनप्रजा पक्षाची खोली आणि माझा नकार

मी, खाली सही करणार देवराव पत्रूजी उंदिरवाडे, वय सत्त्याऐंशी, धंदा भिंती व बोर्ड रंगवणे, धर्म बौद्ध, राहणार बाबूपेठ, चंद्रपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा प्रफुल याला तो दाखला पटत नाही, पण तो डॉक्टर नाही.

मी चांदा वनप्रजा पक्षाचा अध्यक्ष आहे. वाचणाऱ्याने हे नाव ऐकले नसेल, त्यात त्याचा दोष नाही. माझे वडील पत्रूजी आणि त्यांचे मित्र चैतू मडावी यांनी १९४६ साली हा पक्ष काढला. मागणी एकच होती: इंग्रजांनी जाताना जंगल गावांना परत देऊन जावे. चैतूबाबांनी आपल्या गावच्या बैठकीची रीत पक्षाला लावून दिली. मतदान नाही. एकानेही नाही म्हटले, तर त्याचे मन वळेपर्यंत बोलत बसायचे, नाहीतर ठराव पुढच्या बैठकीला. गावात ही रीत शोभते, कारण गावाला कुठे जायचे नसते. इंग्रजांना जायचे होते. अर्जात ‘मायबाप सरकार’ लिहावे की नुसते ‘सरकार’, यावर एकमत करून आमची माणसे साहेबाच्या बंगल्यावर पोचली, तेव्हा साहेब सामानसुमानासह निघून गेला होता.

मग अर्ज नागपूरच्या सरकारला करायचे ठरले. ते ठरेपर्यंत आम्हाला मुंबई राज्यात घातले. मुंबईचा मसुदा सर्वांना पटला, तोवर महाराष्ट्र झाला. बावन्न साली उमेदवारावरही एकमत झाले, पण मुदत संपल्यावर. आमची अनामत आजवर एकदाही जप्त झाली नाही, कारण ती कधी भरलीच नाही. इतका निष्कलंक पक्ष दुसरा दाखवा.

कलम १. राहते घर प्रफुलला. तो ऊर्जानगरच्या क्वार्टरात राहतो आणि या घराला खुराडे म्हणतो. तरी त्यालाच. शेवटी पोटचा पोरगा आहे.

कलम २. ब्रश, पट्ट्या व रंगाचे डबे आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराला. या ब्रशांनी मी जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांच्या घोषणा रंगवल्या आणि त्यावर पोट भरले. आमच्या पक्षाची घोषणा अजून ठरायची आहे.

कलम ३. अॅम्प्लिफायर इसरू मडावी याला, म्हणजे चैतूबाबांच्या मुलाला. ब्याऐंशी साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या पक्षानेही वेगळे व्हावे असा विषय निघाला. एवढ्या एका विषयावर एका दुपारी एकमत झाले. भोंगा इसरू घेऊन गेला, अॅम्प्लिफायर मी दिला नाही. तेव्हापासून दोन्ही जिल्हे शांत आहेत. मी गेल्यावर त्याने काय बोंबलायचे ते बोंबलावे.

कलम ४, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. जटपुरा गेटच्या आतली खोली पक्षाचे कार्यालय आहे, पण कागदावर ती माझी आहे. पक्षाच्या नावे घेताना एकमत होईना, म्हणून वडिलांनी माझ्या नावे घेतली. सभा तिथे आता होत नाहीत. एटापल्ली, भामरागडकडची माणसे आजारी माणूस घेऊन मोठ्या दवाखान्यात येतात, ती तिथे उतरतात. सोमारी नरोटे त्यांची चूल मांडून देते, सोबत दवाखान्यात जाते आणि त्यांचे गोंडी बोलणे डॉक्टरला मराठीत सांगते. आमच्या गटात आता सभासद तिघेच: मी, प्रफुल आणि सोमारी.

एका मोठ्या पक्षाने प्रफुलला नगरसेवकाचे तिकीट कबूल केले आहे. बदल्यात आमचा पक्ष वाजतगाजत त्यांच्यात विलीन व्हावा आणि खोलीत त्यांच्या साहेबांचे संपर्क कार्यालय व्हावे. वर्षभर मी नाही म्हणतो आहे.

“बाबा, तुमच्या एका नाईनं पुरा पक्ष अडून राह्यला,” प्रफुल म्हणतो.

“पक्ष नाई रे, तू अडून राह्यला,” मी म्हणतो.

मी डोळे मिटताच माझे ‘नाही’ संपेल आणि खोली वारसाने त्याच्याकडे जाईल. याची मला भीती वाटते. मरणाची तेवढी वाटत नाही. म्हणून खोली मी सोमारीला देतो. नाही म्हणण्यात ती पक्की आहे. डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून माझ्या वरणात तिने चिमूटभर पडू दिलेले नाही, मी अध्यक्ष असूनही.

पण पहिले ‘नाही’ तिने मलाच ऐकवले. “मले मालकीण नाई व्हाचं, भाऊ. लोकं येताना भेतीन.”

पक्षाच्या रीतीप्रमाणे बोलत बसलो. चहा झाला, जेवण झाले, पुन्हा चहा झाला. शेवटी ती एका अटीवर तयार झाली. वडिलांच्या तसबिरीशेजारी माझी तसबीर लागावी, अशी माझी इच्छा होती.

“फोटो लावला त लोकायनं पिशव्या कुठी टांगाच्या?” सोमारीने विचारले.

अट मान्य. तसबीर लावू नये.

कलम ५. प्रफुल शोकसभा घेईल आणि विलीनीकरण ही बाबांची अंतिम इच्छा होती, असे डोळे पुसत सांगेल. ते खोटे समजावे. त्याचे रडणे मात्र खरे असेल, तेव्हा त्याला पाणी द्यावे.

साक्षीदार:
१. इसरू चैतू मडावी, जिल्हा गडचिरोली. इतक्या वर्षांनी निरोप धाडला, तर पहिल्या बसने आला. सगळा मजकूर ऐकून म्हणाला, “तू गेल्यावर मी ‘नाई’ कोनाले म्हनू?” मग सही केली.
२. लहानू फुलझेले, खोलीसमोरचा चहावाला.

सही: देवराव पत्रूजी उंदिरवाडे
दिनांक: २१ जानेवारी २०२५
ठिकाण: पक्ष कार्यालय, चंद्रपूर. आत टेकायला जागा नव्हती. एक बाळंतीण, तिचे सगळे गाव आणि एक तापाचा म्हातारा होता. सोमारीने मला आत येऊ दिले नाही, म्हणून पायरीवर बसून सही केली.