गालात ठेवलेली गोळी

शिरूर कासार,
११ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप साखराआक्कांना म्हाळूचा पायांवर डोकं ठेवून दंडवत.

इकडं ज्वारी निसवली आहे, मेंढरं बरी आहेत. अर्धं गाव ऊसतोडीला गेल्यानं भर दुपारीही पहाटेसारखी शांतता असते.

भिवरा गेली अशी आवई पाटोद्यापर्यंत आली असेल, तर ती खोटी समजा. घशातल्या गाठीमुळं तुमच्या धाकट्या बहिणीला आता घोटभर पाणीही गिळवत नाही. दवाखान्याच्या सिस्टर वर्षाराणी घरी येतात. त्यांनी दुखण्यावरची गोळी दिली आहे. ती गिळायची नाही, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायची. तिथंच विरघळून गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात उतरते. भिवरा त्यांना म्हणाली, "जन्मभर तिथं तंबाखू ठेवली, बाई. वाट माहितीतली हाय."

तर तिचं तोंड ओलं करून मी गोळी ठेवत होतो, ते शेजारच्या सरस्वतीबाईनं दारातून पाहिलं. तिला वाटलं, मी तुळशीपत्र ठेवतोय. तिनं हंबरडा फोडला, माणसं जमली. तेवढ्यात भिवरानं एक डोळा उघडला.

"कावून रडती गं सरस्वते? मी हाय अजून. आन् रडायचंच तर नीट रड, सूर न्हाई तुला."

लोक हसत घरी गेले. पण आक्का, सांगायचं ते पुढंच आहे. दीपमाला, तू सासूबाईंना वाचून दाखवत असशील तर इथून जरा हळू वाच, बाळा.

गोळी विरघळू लागली की भिवराच्या कपाळावरची आठी सुटते अन् ती लांब लांब जाते. सिंदफणेच्या वाळूत अनवाणी चालते, कधीच्या मेलेल्या कोकरांना नावानं हाका मारते. पुढची गोळी ठेवायला माझं बोट गालात गेलं की डोळे मिटूनच विचारते, "आक्का, गूळ आणला का?"

तुमची आई गेल्यावर, भिवराचं रडू थांबावं म्हणून तुम्ही तिच्या गालात गुळाचा खडा ठेवायचात. इतकी वर्षं संसार केला, पण हे मला आत्ता कळलं.

पहिल्यांदा मी म्हणालो, "अगं, मी म्हाळू." तिचा चेहरा पार उतरला. तेव्हापासून मी तुमच्या नावानं बोलतोय. "हाय गूळ. चावू नको, विरघळू दे." मिशीवाला म्हातारा आक्का झाला म्हणून हसाल. पण ती निवांत झोपते.

काल दुपारी मात्र तिनं माझा हात धरला. "आक्का, लुगड्यावरून अजून रुसलीस का गं?"

आमच्या लेकीच्या, उज्ज्वलाच्या लग्नातल्या त्या आहेराच्या लुगड्यानं तुम्हा बहिणींचं बोलणं तुटलं. कोण चुकलं, ते मी काढत नाही. "न्हाई" एवढं म्हणायला काय लागतं? पण जीभ वळली नाही. गूळ तुमच्या नावानं देता येतो, हे उत्तर मला देता येत नाही. ती वाट बघत बघत झोपली.

सिस्टर म्हणतात, आता गोळ्या वाढतील आणि जाग कमी होत जाईल. अजून सकाळी, गोळीच्या आधी, ती थोडा वेळ लख्ख असते. हे पत्र आणणारा माझा पुतण्या बजरंग गाडी घेऊनच आला आहे. राग गेला असेल तर या. गेला नसेल तरी या, आणि तिला तसं सांगा. तुमच्या तोंडचं तिला काहीही पेलेल, माझा मुकेपणा पेलत नाही.

थोडे दिवस तुमचं नाव उसनं घेतलेला,
म्हाळू