मागची खोली सध्या अडलेली आहे

विंडवर्ड, कॅरियाकू
११ जानेवारी १९९६

लाडक्या इव्हेटला,

विंडवर्डहून आत्याचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. शेळीला दोन पिल्लं झाली, पाद्रीबुवांचा पाय सुधारला, आणि छपराला पडलेलं भोक अजून गळत नाही, कारण पाऊसच नाही.

तुझं पत्र मिळालं. ‘पहिल्यांदाच एकटीने, कुणाच्याही आधाराशिवाय बेटावर येणाऱ्या प्रवाशाला उपयोगी पडतील अशा सूचना कळवाव्यात.’ हे वाक्य मी अर्मिंटाला मोठ्याने वाचून दाखवलं. अर्मिंटा म्हणजे आपली शेजारीण. तुझ्या बापाच्या वर्गात होती, पत्त्यांत अजून लबाडी करते. ती म्हणाली, “अगं, ही पोरगी आपल्याकडे राहायला येतेय की आपली तपासणी करायला?” मी म्हटलं, “हडर्सफील्डला जन्मलेल्या पोरी अशाच लिहितात. थंडीने वाक्यं आखडतात.”

पण मागितल्यास तर सूचना घे.

ग्रेनाडाहून इकडे यायला दोन वाटा आहेत, बोट आणि विमान. बोट स्वस्त. मात्र मध्ये एके ठिकाणी समुद्राच्या पोटात ज्वालामुखी आहे, तिथे पाणी असं काही उसळतं की कुणाच्याही आधाराशिवाय फिरणारी माणसं शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतात. विमान इवलंसं. आधी तुझं वजन विचारतील, मग नाव. दोन्ही खरं सांग. उजव्या बाजूला बस, म्हणजे बेट येताना दिसेल. खिडकी त्याला दे, तू आतल्या बाजूला बस.

हे शेवटचं वाक्य लिहिण्याच्या ओघात आलं. खोडत नाही, पत्र घाण दिसतं.

आपल्या धावपट्टीतून गावाचा रस्ता आडवा जातो. विमान येताना भोंगा वाजतो, रस्ता अडवतात, आणि मग गाड्यांतली माणसं खाली उतरून कोण आलं ते बघत उभी राहतात. तेव्हा केस नीट कर. तू विंडवर्डला पोचण्याआधी तुझा चेहरा पोचलेला असेल.

कुठेही तोंड उघडण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हण. दुकानात, बसमध्ये, शेळी हाकणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा. परवा एक गोरा अर्मिंटाच्या दुकानात शिरला.

“ब्रेड आहे?”

“गुड मॉर्निंग,” अर्मिंटा म्हणाली.

“ब्रेड, ब्रेड.”

“गुड मॉर्निंग.”

ब्रेड तिच्या मागेच फळीवर होता, गरम. तो गेला तसाच. बोटीवर सगळ्यांना सांगत होता म्हणे, या बेटावर ब्रेड मिळत नाही.

बसमधून उतरायचं असलं की पत्र्यावर टकटक कर. सैनिकी ठिपक्यांचे कपडे आणू नकोस, पोलीस उतरवून घेतात, आणि आपला हवालदार लाजाळू आहे, उगाच त्याचे हाल. समुद्रकाठी एक देखणं झाड दिसेल, खाली हिरवी सफरचंदं पडलेली. खाऊ नकोस, पावसात त्याच्याखाली उभीही राहू नकोस, अंगावर फोड येतात. या दिवसांत पिकं निघालेली असतात, म्हणून सगळी जनावरं मोकळी सुटलेली असतात. कपडे उंच वाळत घाल. तुझ्या आईच्या लग्नाचा जो फोटो इकडे आला होता, तो शेळीनेच खाल्ला. मी फाडला नाही, तिकडे कुणी काहीही सांगितलं असलं तरी.

नदी नाही, झरा नाही. छपरावरचं पाणी टाकीत साठवतो आणि तेच वर्षभर पुरवतो. अंघोळ म्हणजे एक बादली. आणि इथली रम कुणी आग्रहाने दिली तर आधी त्यात बर्फ टाकून बघ. बर्फ बुडाला तर समज, आपलीच आहे, आणि पेला खाली ठेव.

हॉटेलबद्दल विचारलंस. हॉटेल चांगलं आहे म्हणतात. पण माझी भाची हॉटेलात आणि मी त्याच बेटावर? अर्मिंटा मला जगू देईल का? पुढची खोली तुझी. वारा येतो, समुद्र दिसतो. मागची खोली मात्र सध्या अडलेली आहे.

आता तू इथे चार दिवस राहणार आणि ते दार उघडणार नाहीस, असं होणं नाही. अल्बनची मुलगी आहेस. तर सांगून टाकते. मागच्या खोलीत बिछान्यावर तुझी आजी आहे.

दचकू नकोस. म्हणजे तिचा दगड. आपल्याकडे माणूस पुरतात तेव्हाच कबरीवर दगड बसवत नाहीत. काही वर्षं जाऊ देतात, पांगलेले जमू देतात. मग घडवलेला दगड घरी आणतात, माणसासारखा बिछान्यावर निजवतात, वर पांढरी चादर. थोरलं लेकरू त्याच्यावर पहिलं पाणी घालतं, मग रम, मग ढोल, जेवणं, आणि सकाळी मिरवत कबरीवर. तोवर मेलेलं माणूस धड गेलेलं नसतं. उंबऱ्यात ताटकळत असतं.

दगड घरात एक रात्र राहायचा असतो. आईचा किती वर्षं आहे ते विचारू नकोस, गादीला खळगा पडलाय. अल्बन येणार असं मीच साऱ्या गावाला सांगून बसले आणि उत्साहात दगड निजवला. एकदा निजवलेला दगड उचलून पुन्हा पाथरवटाच्या अंगणात कसा उभा करायचा? अर्मिंटा रोज कुंपणावरून विचारते, “काय गं, तुझी भाडेकरू उठली का?”

“नाही उठली.”

“भाडं तरी देते?”

“तू देतेस माझ्या टाकीतल्या पाण्याचं?”

पाद्रीबुवा म्हणतात, युलाली, तूच घाल पाणी आणि मोकळी हो. थोरला अल्बन, मी शेंडेफळ. आईने जिवंतपणी माझं एक ऐकलं नाही, आता माझ्या हाताने कशी उठेल?

तू लिहितेस, बाबा येणार नाहीत, बेटाचा विषय निघाला की रेडिओ मोठा करतात. माझा पत्ता तुला मिळाला तोही त्याने न उघडता परत पाठवायला ठेवलेल्या पाकिटावरून. तो का येत नाही हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणजे तेही मलाच.

तुझा बाप इथे होता तेव्हा त्याच्या अंगाला सीडरच्या भुशाचा वास यायचा. किनाऱ्यावर झाडांखाली आमच्या बापाची बोट उभी राहत होती, आणि अल्बन लाकूड तासायला वाकस चालवायचा तो ताल मला घरात ऐकू यायचा. ताल थांबला की मी पाण्याचा तांब्या घेऊन धावायची. बोट समुद्रात ढकलायच्या दिवशी सारं गाव दोरीला लागायचं, आणि त्याच्या खांद्यावर बसून मी ओरडायची, ओढा रे ओढा! स्वतः काही ओढत नव्हते, पण बोट माझ्यामुळेच गेली असं तो सगळ्यांना सांगायचा. तो इंग्लंडला गेला त्यानंतर मी बोट ओढायला गेले नाही. लाकडाचा वास आला की अजून तांब्या शोधते.

पहिल्या वर्षी पत्रं आली. मग थांबली. महिने गेले, वर्ष गेलं. आईला स्वप्न पडलं: अल्बन दारात उभा, नखशिखांत भिजलेला, म्हणतो, आई, भूक लागली. आपल्याकडे असं स्वप्न पडलं तर त्याचा एकच अर्थ. मेलेलेच जेवण मागतात. आईने मका दळला, कोंबड्या कापल्या, ढोलवाले बोलावले, आणि पितरांच्या टेबलावर आजोबांच्या ताटाशेजारी अल्बनचं ताट ठेवलं. सारं गाव रडून जेवलं.

तो मेला नव्हता गं. छातीच्या दुखण्याने तिकडच्या इस्पितळात पडून होता. आईला काळजी नको म्हणून लिहीत नव्हता. विंडवर्डचाच एक शहाणा त्याला भेटायला गेला आणि पलंगाशी बसून म्हणाला, “अरे, तू कसा जिवंत? तुझं तर आम्ही जेवून आलो!” त्याच आठवड्यात त्याच्या बाजूच्या खाटेवरचा माणूस गेला होता. अल्बनचं पत्र आलं, दोन ओळींचं. ‘आईने मला मेल्यांत वाढलं. आता जिवंतपणी तिच्या दारात मी कुठल्या तोंडाने उभा राहू?’ त्यानंतर तो बरा झाला, लग्न केलं, तू झालीस. आईने पत्रं लिहून घेतली, मग थकली, मग गेली.

आता शेवटची सूचना. ही व्यावहारिक आहे. रेडिओ बंद कर आणि पुढचं त्याला वाचून दाखव.

पितरांच्या जेवणात आपण मीठ घालत नाही, हे त्याला ठाऊक आहे. मेल्यांना मीठ चालत नाही. टेबलावरचं सगळं अळणी असतं, आणि सकाळी ती ताटं घरातल्या पोरांनी खायची असतात. त्या घरातली शेवटची पोर मी. मी आजोबांचं ताट खाल्लं, अळणी. पणजीचं, अळणी. मग अल्बनचं उचललं. त्याला मीठ होतं.

मी आईकडे बघितलं. ती चुलीशी पाठ करून उभी होती. म्हणाली, “खा आणि गप्प बस.” पितरांच्या टेबलावर मीठ ठेवलं असं गावाला कळतं तर सगळं जेवण बाटलं म्हणाले असते. मी जिवंत आहे तोवर बोलायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. ती गेल्यावर मी लिहिलं, तीनदा. पाकिटं परत आली.

गाव त्याचे दिवस जेवलं. आई जेवली नाही, इव्हेट. साऱ्या गावादेखत तिने मुलाला मेल्यांत बसवलं आणि हळूच मीठ घातलं. तिचा विश्वासच बसला नव्हता.

म्हणून म्हणते, दोन तिकिटं काढ. एकटीने फिरण्याची हौस परतीच्या वाटेवर भागव. त्याने बूट चांगले आणावेत, कबरस्तानाची चढण आठवत असेलच. स्वेटर नको. आणि आल्यावर तो काही बोलला नाही तरी चालेल, दारात उभं राहून ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की पुरे. मागच्या खोलीत ऐकू जातं.

मका दळून ठेवलाय. या वेळी मीठ मी उघड्यावर घालणार आहे, अर्मिंटादेखत.

तुझी, आणि रेडिओ बंद असेल तर दादाचीही,
युलाली