सिनेमातला नाच

पॅरिस, रविवार

प्रिय अर्मेलताई,

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. भावोजींची होडी समुद्रावरून परतली का?

काल आमच्या गल्लीतल्या नाचघरात शूटिंग होतं. प्रेम शोधत हिंडणाऱ्या पोरांचा सिनेमा. गर्दीत नाचायला मलाही घेतलं. माझ्या जोडीला सोलांज नावाची मुलगी होती.

"लाजू नकोस रे, पाय तुडवलास तरी चालेल," ती म्हणाली आणि दिवसभर माझ्या खांद्यावर डोकं टेकून नाचली.

शेवटी मी धीर करून विचारलं, "कॉफी घेऊया?"

"अरे वेड्या, कॅमेरा बंद झाला की!" हसून तिनं कोट चढवला आणि गेली. मी तिथेच उभा राहिलो.

सिनेमा गावात लागला की आईला घेऊन जा. लोइकला कुणीतरी मिळाली असं तिला वाटलं, तर वाटू दे.

तुझाच धाकटा,
लोइक