कोरड्या हौदातला ओढा

चिकलठाणा,
घटस्थापनेचा आदला दिवस

प्रिय संस्कृती,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर कामाचा विषय निघाला की तुझ्या फर्दापूरची रेंज नेमकी जाते, आणि गोकुळ भाऊजींच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सुरू झाल्या की परत येते. कागदाला रेंज लागत नाही. लेणी बघून आलेली बस चहा पिऊन गेली की सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच. बातमी एवढीच आहे की आपला ओढा काढायचं ठरलंय. पैठण रोडच्या त्या सोसायटीला हौदात आता खरं कारंजं हवंय. दिवाळीच्या आत तुमचं लोखंड उचला, असं सेक्रेटरी साहेबरावकाकांनी सांगितलं. मी ते स्टेनलेस स्टील आहे एवढंच म्हटलं.

काकांचं अगदीच चुकलं असंही नाही. पाऊस नाशिककडे पडला आणि धरण आपलं भरलं. नळाला पाणी अजूनही त्याच्या मर्जीनंच येतं, पण धरण भरल्याचा फोटो पेपरात आला की इथल्या माणसाला घरातली टाकी भरल्यासारखं वाटतं. त्यातून सोसायटीत निम्मी माणसं नवी. कारंज्याच्या हौदात सळयांचा हा पसारा का उभा आहे, हे त्यांना माहीत नाही. बिल्डरची हौस असेल म्हणतात. हौस कसली, अडचण होती. जाहिरातीच्या फलकावर कारंजं रंगवून झालेलं, फ्लॅट विकले गेलेले, आणि त्या उन्हाळ्यात लोक टँकरमागे घागरी घेऊन पळत होते. अशात कारंजं उडवलं असतं तर लोकांनी बिल्डरलाच हौदात बसवलं असतं. म्हणून तर कठड्यांची चौकशी करायला आलेला हा बिल्डर आपल्या शेडच्या कोपऱ्यातलं खेळणं बघून थबकला.

आपण मूळच्या कठडेवाल्या. शहराच्या सातारा भागात आणि बीड बायपासला रोज नवी इमारत उठत होती, इमारत आली की गॅलऱ्या आल्या, आणि गॅलरी आली की स्टीलचा कठडा आला. घरात पाणी नसेना का, कठडा चकचकीत पाहिजे. मी सळया वाकवायची, तू जोडायचीस. आमच्या बाबांचा धातूशी संबंध कचेरीतल्या टाचणीपुरता. मुलीला इंजिनियर केलं आणि ती कठडे वाकवत बसली, हे दुःख त्यांनी शेवटपर्यंत जपलं. तुझी आई साळूबाई मात्र पाचोडच्या बाजारात ओळखीच्या आणि बिनओळखीच्या प्रत्येकीला थांबवून सांगायची, माझी पोरगी लोखंड शिवती. टाका मारती म्हणजे शिवतीच की, असं साळूबाईंचं म्हणणं. वेल्डिंगची इतकी नेमकी व्याख्या मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती.

उरलेल्या तुकड्यांतून ते खेळणं पहिल्यांदा तू केलंस. दोन सळया शेजारी-शेजारी, मध्ये छर्रा बसेल पण खाली पडणार नाही इतकी फट, आणि उतार. एवढंच. भंगारातून आणलेला, ट्रकच्या बेअरिंगमधला छर्रा वरून सोडला की वळणं घेत खाली येतो. उतार जास्त झाला तर वळणावर उडून बाहेर जातो, कमी झाला तर मध्येच बसतो, रुसलेल्या जावयासारखा. सगळी विद्या या दोहोंच्या मधली. फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून तू पाइपचा एक तुकडा कापून घेतला होतास. तो सळयांमध्ये अडकवायचा, खालच्या आडव्या काडीला टाका मारायचा, तुकडा पुढे सरकवायचा, परत टाका. कारण टाका थंड होताना सळईला आपल्याकडे ओढतो, आणि केसभर ओढला तरी छर्रा अडतो. हे मी तुलाच सांगतेय, हसू नकोस. हल्ली हे ऐकायला दुसरं कुणी नाही.

ओढा हे नावही तुझंच. बिल्डरनं विचारलं की पाण्याऐवजी हे कसं दिसेल, तेव्हा तू म्हणाली होतीस, पानी नाय तर नाय, छर्रे वाहतील, ओढाच म्हना की. मग काय, आपण झपाटल्यासारख्या लागलो. तळाला भोक पाडलेली कढई, तिच्यात छर्रा गरगर फिरून मगच खाली पडायचा. आडव्या काड्यांचा जिना, त्यावरून टकटक उतरायचा. वर चढवायला सायकलची साखळी, तिला वाट्या जोडलेल्या आणि गाडीच्या वायपरची मोटर. खाली येणं सगळ्यांना जमतं, वर न्यायला मोटर लागते, असं तू तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या बादल्या चढवणाऱ्या बायकांकडे बघत म्हणालीस, ते माझ्या लक्षात राहिलंय. आणि सगळ्यात शेवटी घंघाळ. छर्रे ज्यात पडतील ते भांडं वाजलं पाहिजे, असा तुझा हट्ट. स्टीलची पातेली ठणठण करत होती. तेव्हा साळूबाई एसटीनं घरचं पितळी घंघाळ मांडीवर घेऊन आल्या. आंगुळीला तांब्याभर पानी मिळंना, घंघाळ काय चाटायचंय, ने, म्हणाल्या. त्यात पहिला छर्रा पडला तो आवाज आपण तिघींनी ऐकला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. इतकं बरं मला कामात पुन्हा वाटलेलं नाही.

शेडमध्ये ओढा सुरळीत वाहिला. मग खांब सुटे करून हौदात नेले, त्या निळ्या फरशीवर उभे केले, आणि शेवटचे टाके तू तिथेच उन्हात बसून मारलेस. खांब ओळंब्यात सरळ उभे राहीनात म्हणून आपण बुडाशी वायसरच्या चकत्या घालत होतो, हेही आठवत असेल. उद्घाटनाला फीत कापली, पेढे वाटले, मोटर सुरू झाली, आणि छर्रे तिसऱ्या वळणावर येऊन थांबले. एकामागे एक, क्रांती चौकात सिग्नल लागल्यासारखे. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात तसेच राहिले. तू नवी साडी खोचून हौदात उतरलीस, एकेक छर्रा बोटानं पुढे ढकलत राहिलीस आणि वर न बघता म्हणालीस, माझा टाका ओढला असंल. दुसऱ्या दिवशी ती सळई तू दाबून जरा खाली वाकवलीस. ओढा लंगडत का होईना वाहायला लागला, मुलं येऊन उभी राहायला लागली, लोक विसरले. तो तुकडा घालून फट मापायचं मात्र आपण दोघींनी टाळलं. मी मापलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. तू मापलं नाहीस, खरं निघेल म्हणून.

दिवाळीनंतर तू वेल्डिंगचा मास्क खिळ्याला अडकवलास. सई, हाताचा भरवसा गेला, म्हणालीस. खेळन्याचं काय नाय, पन कठड्याला लेकरं टेकतेत, उद्या टाका सुटला तर? मी तुला दहा कारणं देऊन समजावलं आणि त्यातलं एकही तुला पटलं नाही. पुढच्या वर्षी तू लग्न करून फर्दापूरला गेलीस. संस्कृतीनं लग्नामुळे काम सोडलं, असं सगळे म्हणतात. तूही तेच सांगतेस आणि मी मान डोलावते. भाऊजींवर तेवढा आळ आपण दोघींनी मिळून घेतलाय.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. मधल्या वर्षांत पाऊस आला, मग परत दुष्काळ आला, आणि दोन्हींत कठडे सारखेच विकले गेले. तुझ्या जागी रामकिसन आहे. हात चांगला आहे त्याचा, फक्त तोंड हातापेक्षा जास्त चालतं. खंडेनवमीला शेडमधली हत्यारं मांडते तेव्हा तुझा मास्कही मांडते, हळद-कुंकू लावते, दसरा झाला की परत खिळ्याला. रामकिसननं एकदा विचारलं, ताई, हे कुणाचं? मी म्हटलं, येणाऱ्या माणसाचं. तुझी आठवण रोज येते असं मी म्हणणार नाही, कामात वेळ नसतो. पण वेल्डिंगचा निळा उजेड भिंतीवर पडला की येते. म्हणजे तसं बघितलं तर रोजच.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. साहेबरावकाकांच्या मनात आलं, की लोखंड काढायच्या आधी एकदा पाणी सोडून हौद गळतो का ते बघू. मलाही बोलावलं. वॉचमन पुंजारामनं पाइप सोडला आणि आम्ही काठावर उभे राहिलो. हौद बांधल्यापासून त्यात पाणी असं कधी पडलंच नव्हतं, त्यामुळे चार माणसं जमली. पाणी हौदभर पसरलं नाही. ते सरळ एका कोपऱ्याकडे निघालं, जिथे हौद रिकामा करायची, आता बूच मारलेली मोरी आहे, आणि तिथेच साचत राहिलं. त्या बाजूचा खांब घोट्याइतका बुडाला तरी अलीकडचा खांब कोरडा ठणठणीत. काका म्हणाले, असंच असतं, ताई, तळाला उतार ठेवावाच लागतो, नाहीतर हौद धुणार कसा? मी चपला काढून पाण्यात उतरले. लोकांना वाटलं, बाईला पाण्याचं फार अप्रूप.

संस्कृती, खांब आपण शेडमधल्या सपाट फरशीच्या हिशेबानं कापले होते. हौद म्हणजे सपाट, हे आपण धरूनच चाललो. डोळ्यांपुढे पाण्याची सपाटी होती, तळाची नव्हती. खांब ओळंब्यात येईनात तेव्हा वायसर घातले, पण का येईनात ते विचारलं नाही. सपाटी मापायची पाणसळ शेडमध्ये पडून होती. हौदात कळशीभर पाणी ओतलं असतं तरी ते आपणहून पळून जाताना दिसलं असतं. पण त्या उन्हाळ्यात मापायला म्हणून कळशीभर पाणी कोण ओतणार होतं? मोरीकडे जाणाऱ्या सळयांना उतार जास्त मिळाला, मोरीपासून दूर जाणाऱ्या तिसऱ्या वळणाला तो उरलाच नाही. छर्रे तिथे थांबले, कारण तिथे थांबायलाच हवं होतं.

एवढ्यानं माझं समाधान झालं असतं, पण तुझं झालं नसतं, हे मला माहीत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी शेडमधून तुझा तो पाइपचा तुकडा घेऊन गेले. तिसऱ्या वळणावर पहिल्या काडीपासून शेवटच्या काडीपर्यंत सरकवत नेला. कुठे अडला नाही, कुठे सैल झाला नाही. नंतर बाकीचा ओढाही मापला, कारण तू विचारशील. सगळीकडे तसाच.

तर पत्र लिहायचं कारण हे. तुझा टाका ओढला नव्हता. तेव्हाही नाही, कधीच नाही. ज्या हाताचा भरवसा गेला म्हणून तू मास्क टांगलास, त्याच हातानं शिवलेल्या कठड्यांना टेकून या शहरातली कितीतरी लेकरं टँकरची वाट बघत मोठी झाली आणि त्यातला एक टाका सुटलेला नाही. मला हे तुला समोर बसून सांगायचं होतं, पण तू विषय बदलला असतास. दिवाळीच्या आत ओढा उतरवायचा आहे, खांब नव्यानं कापायचे आहेत आणि सगळे जोड पुन्हा मारायचे आहेत. कुठे उभा करायचा ते मी ठरवलेलं नाही. तुझ्या अंगणात कर किंवा पाचोडला साळूबाईंच्या दारात, फक्त या वेळी आधी जमीन मापू. रामकिसन म्हणतो, मी करतो की. मी त्याला हात लावू दिला नाही. तू खंडेनवमीला ये. मास्क यंदा मी पूजेला मांडणार नाही, खिळ्यालाच ठेवलाय. ज्याचं हत्यार त्यानं मांडावं.

तुझ्या टाक्यांची साक्षीदार,
तुझीच
सई