सौ. सुगंधा मांडवकर यांचे डायपरचे माप घरी येऊन घेण्याबाबत

प्रति,
मा. साहित्य वितरण अधिकारी,
करुणादीप ज्येष्ठ साहाय्य न्यास,
सिल्व्हर पार्क, मिरा रोड (पूर्व).

विषय: लाभार्थीस लहान मापाचे डायपर मंजूर करणे व त्यासाठी घरी माप घेणे.
संदर्भ: 'लाभार्थी गैरहजर' असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार धाकू मांडवकर, राहणार मोरवा, भाईंदर (पश्चिम), यांनी चाळीस वर्षे लेडीज टेलरचे काम केले. ऑपरेशननंतर त्यांच्या पत्नी सुगंधा यांचा लघवीवर ताबा राहिलेला नाही. न्यासातर्फे दरमहा डायपर मिळतात, त्याबद्दल अर्जदार आभारी आहेत. तक्रार फक्त मापाची आहे.

२. फॉर्मवरील 'कंबर ३८' अर्जदाराने स्वतःच भरले. त्यासाठी त्यांनी टेप हातात घेतला नाही, दुकानातली मापाची जुनी वही उघडली. वहीत मुलीच्या लग्नाच्या वेळचे छत्तीस होते. सवयीप्रमाणे कपडा सैल बसावा म्हणून वर दोन इंच लूजिंग धरले. डायपर बसेना तेव्हा टेप लावला, तर कंबर सत्तावीस भरली. "अख्ख्या भाईंदरच्या बायकांची मापं घेतलीत, आणि माझं वहीत बघून लिहिलंत?" असे सुगंधा म्हणाल्या. एका घरात राहून बायको एवढी खंगलेली आपल्याला दिसली नाही, याची त्यांना लाज वाटते.

३. सध्याचा डायपर मांडीशी सैल पडतो, उभे राहताच घसरतो आणि कडेने गळतो. अर्जदाराने दोन्ही बाजूंना चुण्या घेऊन टक्स घालून पाहिले. शिलाई सुबक आली, परंतु सुईने आतली जेल बाहेर काढली व मशीन दोन दिवस बंद पडले. तो नमुना आपल्या काउंटरवर दाखवला असता 'साहित्यात फेरफार' अशी नोंद झाली. काउंटरवरील नेहा मॅडम म्हणाल्या, "काका, माप बदलायचं तर काकींना इथे आणा. मेजरमेंट समोरच घ्यावं लागतं, रूल आहे."

४. त्यानुसार दिलेल्या तारखेला दोघे रिक्षाने निघाले. अर्ध्या वाटेत सीट ओली झाली. सुगंधा यांनी अर्जदाराचा हात घट्ट धरला. अर्जदाराने हातातली पाण्याची बाटली मुद्दाम सीटवर उपडी केली. "चाचा, ढक्कन तो ठीक से लगाओ," असे रिक्षावाला म्हणाला. त्याची माफी मागून रिक्षा परत फिरवली, आणि आपल्याकडे 'लाभार्थी गैरहजर' अशी नोंद झाली. थोडक्यात, नीट बसणारा डायपर मिळवायला लाभार्थीने हजर व्हावे, आणि हजर व्हायला नीट बसणारा डायपर असावा, असा हा पेच आहे.

५. त्या दिवसापासून सुगंधा दुपारच्या जेवणानंतर पाणी-चहा काही घेत नाहीत. डॉक्टर रागावले. अर्जदार रागावले, मग हातापाया पडले. ओठ सुकलेले असतात, तरी "तहान नाय हो" म्हणतात. अर्जदार घाबरले आहेत.

६. तरी आपल्या एखाद्या महिला कर्मचाऱ्यास माप घेण्यासाठी घरी पाठवावे, ही विनंती. शक्यतो दुपारी चार वाजता पाठवावे. सुगंधा चहा ठेवतीलच. "तुम्ही घेतल्याशिवाय मी घेणार नाही," असा सुगंधा यांना चहाचा आग्रह करण्यास त्या कर्मचाऱ्यास सांगावे. घरच्यांचे त्या ऐकत नाहीत, पण पाहुण्याचा शब्द मोडत नाहीत. माप त्यानंतर घेतले तरी चालेल.

रोज चार वाजता दार उघडे ठेवणारा,
धाकू मांडवकर
दि. १२ जानेवारी २०२६

सोबत: डॉक्टरांची चिठ्ठी, घराचा पत्ता खुणांसह.